नानीचा दाखला

आमच्या अष्टमीत माणूस गेलं की खबर कागदाच्या आधी पोहोचते. मशिदीच्या लाउडस्पीकरवर अवेळी खरखर झाली की घराघरांत हातातलं काम थांबतं. आधी ‘इन्ना लिल्लाह’, मग गेलेल्याचं नाव, मग तो कोणाचा बाप किंवा ती कोणाची आई, आणि शेवटी जनाजा किती वाजता उठणार ते. एवढं ऐकलं की कोणी कबर खणणाऱ्यांना निरोप देतं, कोणी कफनाच्या कापडासाठी पळतं, बाया गुस्लचं पाणी तापवायला घेतात. मिट्टी द्यायला मोहल्ला लोटतो. त्या गर्दीत ‘खरंच गेले का?’ असं कोणी कोणाला विचारत नाही. ज्यानं खांदा दिला तो साक्षीदार आणि ज्यानं तीन मुठी माती टाकली तोही साक्षीदार.

मात्र कब्रस्तानापर्यंतच्या या वाटेखेरीज मेलेल्या माणसाला आणखी एक वाट चालावी लागते. रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची गावं. वस्त्या दोन, तरी नगरपरिषद एकच, रोहा अष्टमी नगरपरिषद. घरात मौत झाली की कोणीतरी पूल ओलांडून जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत तिची नोंद करून यायची. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. २१ दिवसांच्या आत खबर द्यावी असं तो सांगतो. घरी मौत झाली तर ती घरातल्या कर्त्या माणसानं द्यायची. कब्रस्तान किंवा स्मशान सांभाळणाऱ्यावरही कायद्यानं ही जबाबदारी टाकलेली आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असतं? दफनाच्या बाबतीत आपण घाई करतो, कारण तसा हुकूम आहे. नोंदीच्या बाबतीत मात्र ‘करू की, कुठं पळून जाते’ असं म्हणतो.

२०१७च्या सप्टेंबरात माझी आई वारली. घरीच, रात्री, इशाच्या नमाजनंतर. दुसऱ्या दिवशी जुमा होता. जुम्याच्या नमाजनंतर जनाजाची नमाज झाली आणि पावसाच्या सरीतच आम्ही तिला मिट्टी दिली. त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण ते इथं लिहिणार नाही. इथं सांगायचं आहे ते तिच्या नातीबद्दल.

माझी भाची, म्हणजे बहिणीची मुलगी, तेव्हा नवी मुंबईकडच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा बाप दुबईत. लहानपणापासून दहावीपर्यंत ती अष्टमीतच, माझ्या आईजवळ वाढली. शाळेत सोडणं, न्हाऊ घालणं, तापात रात्रभर बसणं, कायदा आणि सिपारा शिकवणं हे सगळं नानीनं केलं. रात्री फोन गेला आणि पहाटे ती निघाली. नानीचा चेहरा तिला पाहायला मिळाला. आमच्याकडे बाया कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे जनाजा उठला तेव्हा ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. रविवारी जियारत झाली. सोमवारी सकाळच्या गाडीनं ती कॉलेजला परत गेली.

मधल्या शनिवारी तिच्या एका विषयाच्या असाइनमेंट जमा करायच्या होत्या. इंजिनिअरिंगला टर्म वर्क म्हणून जे गुण असतात, ते अशा असाइनमेंट आणि जर्नलवर मिळतात. विषयाला २५ गुण, आणि त्यात पास व्हावं लागतं. तिचं लिहून जवळजवळ झालं होतं. सोमवारी ती वही घेऊन सरांकडे गेली. सर म्हणाले, ‘मुदत संपली. कारण असेल तर ऑफिसमधून फॉर्म भरून आण.’

त्या फॉर्मची प्रत तिनं मला मोबाइलवर पाठवली. मृत व्यक्तीचं नाव, विद्यार्थ्याशी नातं, मृत्यूची तारीख, मृत्यूचं कारण, पुरावा जोडला आहे का, नात्याचा पुरावा जोडला आहे का. खाली पालकांची सही. बाप दुबईत, आई इद्दतीत नसली तरी शोकात, म्हणून मामानं सही केली तर चालेल का, हा पहिला प्रश्न निघाला. पुढचे प्रश्न त्याहून अवघड होते.

तिच्याजवळ पुरावा म्हणून काय होतं? मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली इंतकालची खबर होती. जमातीचं सही-शिक्क्याचं पत्र मी लगोलग करून पाठवलं. ऑफिसात सांगितलं गेलं की व्हॉट्सअॅपवर कोणीही काहीही लिहितं आणि जमात म्हणजे सरकारी यंत्रणा नव्हे. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. मग एका शिक्षकानं, अगदी मदत करायच्या हेतूनं, तिला सुचवलं, ‘अंत्यविधीचा एखादा फोटो असेल ना? तो लाव, मी सांगतो त्यांना.’

भाची फोनवर मला म्हणाली, ‘मामू, नानीचा फोटो मागतायत. कफनातला.’

त्यानंतर बराच वेळ ती बोलली नाही. मीही बोललो नाही. ज्या बाईनं आयुष्यात परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, जिला गुस्ल देताना बायांनी दाराला दुहेरी चादर लावली, जिच्या कबरीत उतरायला फक्त आम्ही मुलगे आणि भाऊ पुढे झालो, तिचा कफनातला फोटो कॉलेजच्या खिडकीवर द्यायचा? फोटो नव्हताच. असता तरी दिला नसता. सुचवणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला आजही वाटतं. त्याच्या घरी अशा वेळी फोटो काढत असतील. आमच्याकडे मय्यतीचा पर्दा जिवंत माणसाच्या पर्द्याइतकाच जपतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मृत्यूच्या कारणाचा रकानाही असाच. आईला कोणता आजार होता, हे नातीनं कारकुनाला लिहून द्यावं अशी अपेक्षा होती. गंमत अशी की ज्या सरकारी दाखल्याची मागणी होत होती, त्यावर हे कारण नसतंच. १९६९च्या कायद्याच्या १७व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की नोंदवहीतला उतारा कोणालाही देताना मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. डॉक्टर ते लिहून देतात, वहीत त्याची नोंद होते, पण दाखल्यावर ते उतरत नाही. मेलेल्या माणसाची जी अब्रू कायद्यानं पन्नास वर्षांपूर्वी झाकली, ती कॉलेजचा एक साधा फॉर्म उघडी करायला निघाला होता. फॉर्म तयार करणाऱ्यानं असा विचार केला नसेल. फॉर्म तयार करणारे बहुधा आधीच्या फॉर्मवरून नवा फॉर्म तयार करतात.

दाखल्यासाठी मी सोमवारीच पूल ओलांडला. मौत घरी झालेली, म्हणून आईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं कारणाचं प्रमाणपत्र लागलं. तिचं आधारकार्ड लागलं, माझं लागलं. आधारवर तिच्या नावापुढे ‘बी’ होतं, रेशनकार्डावर नव्हतं. कोणतं नाव लिहायचं यावर थोडी चर्चा झाली. नोंद करणारा कारकून भला माणूस होता. ‘घाई करू नका, एकदा लिहिलेलं बदलताना फार त्रास होतो,’ असं त्यानं समजावलं. सगळं रीतसर झालं आणि दाखला हाती आला तेव्हा आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. यात कोणाची दिरंगाई नव्हती. खऱ्या कागदाला इतका वेळ लागतोच.

पण दाखला आला तरी नात्याचा प्रश्न उरला. कॉलेजातून विचारणा झाली, ‘ही तुमची आजी कशावरून? तुमच्या रेशनकार्डावर तिचं नाव आहे का?’ नव्हतं. ती माझ्या रेशनकार्डावर होती, भाची तिच्या बापाच्या. आडनावं वेगळी. मृत्यूच्या दाखल्यावर गेलेल्या माणसाचं नाव असतं, त्याच्या आईचं नाव असतं, बापाचं किंवा नवऱ्याचं असतं, पत्ता असतो, तारीख असते. त्याच्या मुलाबाळांची, नातवंडांची नावं नसतात. म्हणजे दाखल्यानं माझी आई गेली हे सिद्ध झालं, ती भाचीची नानी होती हे सिद्ध झालं नाही.

मग मी आणि बहीण कपाट उघडून बसलो. भाचीच्या जन्मदाखल्यावर तिच्या आईचं नाव होतं. तिथवर ठीक. आता बहिणीच्या कागदावर तिच्या आईचं नाव हवं होतं. बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यावर तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जात, जन्मतारीख. आईचं नाव कुठेच नाही. जन्माची नोंद सापडेना. निकाहनाम्यावर बापाचं नाव. पासपोर्ट तेवढा सापडला, बहीण एकदा नवऱ्याकडे दुबईला जाऊन आली होती म्हणून काढलेला. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असतं. ते निघालं आणि साखळी जुळली. बहीण दुबईला गेली नसती तर माझी आई कागदोपत्री आपल्या नातीची कोणीच लागली नसती.

त्या रात्री मी विचार करत राहिलो. बापाकडून बापाकडे जाणारं नातं आपल्या कागदांवर सहज सापडतं. आडनावच ते सांगतं. बाईकडून बाईकडे जाणारं नातं शोधायला तीन कपाटं उपसावी लागतात. आणि मूल तर बहुधा बायांच्याच मांडीवर वाढलेलं असतं. कोकणातल्या आपल्या घरांत तर अधिकच. पुरुष आधी बोटीवर खलाशी म्हणून गेले, मग आखातात गेले, आणि पोरं नानी-दादीनं वाढवली. ज्या मौतीनं मूल खरोखर पोरकं होतं, तीच मौत सिद्ध करायला सर्वांत अवघड.

आता दुसरी बाजू. मी स्वतः ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. पुरावा मागणाऱ्या शिक्षकाच्या खुर्चीतून जग कसं दिसतं ते मला चांगलं माहीत आहे. स्टाफरूममध्ये हा विनोद दर वर्षी व्हायचा की परीक्षा आली की आज्या मरायला लागतात. एका मुलाची आजी दोन वर्षांत तीनदा वारली होती, ही गोष्ट आमच्याकडे सांगितली जायची, आणि असली गोष्ट प्रत्येक कॉलेजात सांगितली जाते. जगभर सांगितली जाते. अमेरिकेतल्या ईस्टर्न कनेक्टिकट स्टेट युनिव्हर्सिटीतले जीवशास्त्राचे प्राध्यापक माइक अॅडम्स यांनी १९९०मध्ये याच विषयावर एक लेख लिहिला. परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या आज्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो, असं त्यांनी आकडे आणि आलेख देऊन गंभीर चेहऱ्यानं मांडलं होतं. अर्थात ती थट्टा होती. तरी ती वाचून शिक्षक हसतात, कारण अनुभव प्रत्येकाचा तोच असतो. मुलं खोटं बोलतात. शिक्षकानं प्रत्येकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला, तर जो रात्र जागून मुदतीत लिहितो त्याच्यावर अन्याय होतो. म्हणून पुरावा मागणं हाच गुन्हा, असं मी म्हणणार नाही.

आपला दीनही तसं म्हणत नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, त्यावर साक्षीदार घ्या, अशी कुरआनची सविस्तर शिकवण आहे. भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर आधी पडताळून पाहा, हेही त्यातच आहे. आपण साक्षीचं मोल जाणणारी माणसं आहोत. पण पुराव्याचं स्वरूप काय असतं, हे मला सूरा युसूफइतकं दुसरीकडे कुठं स्पष्ट झालं नाही. हजरत युसूफच्या भावांनी त्यांना विहिरीत टाकलं आणि संध्याकाळी रडत बापाकडे आले. हातात पुरावा होता. रक्तानं माखलेला सदरा. लांडग्यानं खाल्लं, हे बघा रक्त. हजरत याकूबनी तो पुरावा मानला नाही. तफसीर लिहिणारे सांगतात की सदरा कुठं फाटलेला नव्हता. पोराला खाऊन सदरा शाबूत ठेवणारा लांडगा कसला, हे बापाच्या लगेच लक्षात आलं. त्याच सूऱ्यात पुढे दुसरा सदरा येतो. तो मागून फाटलेला असतो, आणि त्यावरून युसूफ निर्दोष आहेत हे ठरतं. एक सदरा खोटा, एक खरा. पाहणाऱ्यानं नीट पाहिलं म्हणून फरक कळला.

यातली एक गोष्ट मला पुनःपुन्हा आठवते. खोटा पुरावा त्याच संध्याकाळी हजर होता. खोट्याला वेळ लागत नाही. आजच्या काळात तर कॉम्प्युटरवर एखादा दाखला बदलून छापायला दहा मिनिटं पुरतात. भाचीच्या वर्गातल्या एका मुलीनं तिला तसा सल्लाही दिला होता, ‘कशाला थांबतेस, कोणाचा तरी घे आणि नाव बदल.’ ज्याला फसवायचं आहे तो आधीपासून तयारी करून येतो. त्याचा कागद वेळेवर असतो, स्वच्छ असतो, सगळे रकाने भरलेले असतात. जिची नानी खरोखर गेली आहे, ती मात्र तीन दिवस नानीच्या खाटेजवळ बसलेली असते, तिचा कागद नवव्या दिवशी येतो, आणि त्यात ‘बी’ असावं की नसावं यावर वाद असतो. म्हणून ‘पुरावा आजच्या आज आण’ ही अट खोटं बोलणाऱ्याला अडवत नाही. ती खऱ्यालाच अडवते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

माझा धाकटा भाऊ त्या वेळी सौदीत होता. आईच्या दफनाला तो पोहोचू शकत नव्हता, आणि त्याच्यासाठी मय्यत ठेवावी असं त्यालाही वाटलं नाही. त्यानं तिकडेच गायबाना जनाजाची नमाज पढली. आपण कोकणी शाफई. दूर मेलेल्याची अशी नमाज आपल्या मजहबात जायज आहे. हबशाचा राजा नजाशी वारला तेव्हा रसूलुल्लाहनी मदिन्यात त्याची नमाज पढली होती, तो त्याचा आधार. भावाच्या कंपनीनं त्याला त्याच रात्री रजा दिली. सौदीच्या कामगार कायद्यात ११३वं कलम आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर नवरा किंवा बायको, आईवडील-आजीआजोबा आणि मुलंनातवंडं यांच्यापैकी कोणी वारलं तर ५ दिवसांची भरपगारी रजा त्यात आहे. मालक कागद मागू शकतो, तेही त्यात आहे. कंपनीनं भावाला सांगितलं, ‘जा, परत येताना दाखला घेऊन ये.’ आधी रजा, मग कागद. अमिरातीच्या २०२१च्या कायद्यात तर जोडीदारासाठी ५ आणि आईबाप, मुलं, भावंडं, नातवंडं, आजीआजोबा यांच्यासाठी ३ दिवस असं नाव घेऊन लिहिलं आहे. आखाताच्या नोकरीत आपल्या माणसांनी काय काय सोसलं, हे या वार्षिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण ही एक गोष्ट तिथं रीतसर लिहिलेली आहे. आपल्याकडे शोकासाठी सर्वांना लागू होईल अशी रजा कायद्यानं दिलेली नाही. विद्यार्थ्याचं तर नावच नको. त्याला ७५ टक्के हजेरीचा नियम तोंडपाठ असतो, सवलतीचा नियम शोधावा लागतो.

पूर्वी हे कसं चालायचं? गावातल्या शाळेत पुरावा लागतच नसे. मुलाच्या घरी मौत झाली हे मास्तरांना मुलाच्या आधी कळायचं, आणि संध्याकाळी ते स्वतः पुरसा द्यायला दारात यायचे. हिंदू मास्तर आले की बाहेरच्या ओट्यावर बसायचे, चहाला नको म्हणायचे, जाताना मुलाच्या पाठीवरून हात फिरवायचे. झाली रजा मंजूर. पुरावा लागायचा तो मुंबईत गोदीत, गिरणीत, बोटीवर नोकरी करणाऱ्याला. त्याच्यासाठी तार होती. तार आली की वाचायच्या आधीच खोलीवर रडारड सुरू व्हायची. तीच तार साहेबाला दाखवली की रजा मिळायची. तार कोणीही करू शकत होतं, खोटी तारही लोक करत होते, तरी साहेब ती मानायचा. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली. सांगायचा मुद्दा असा की माणसं एकमेकांपासून जितकी लांब गेली, तितका पुरावा मोठा होत गेला. अष्टमीतून रोह्यापर्यंत पूल आहे. रोह्याहून पनवेलला गाडी आहे. पण अष्टमीची खबर नवी मुंबईपर्यंत जाताना तिचं वजन कमी होतं, आणि ती कमी झालेली बाजू कागदानं भरून काढावी लागते.

शोकाला आपल्याकडे मुदत आहे. विधवेसाठी चार महिने दहा दिवस, इतरांसाठी तीन दिवस. त्याहून जास्त नको, असं रसूलुल्लाहनी सांगितलं. लोक यातला ‘जास्त नको’ एवढाच भाग ऐकतात. मला दुसराही भाग ऐकू येतो. ते तीन दिवस शोकाचे आहेत, दुसऱ्या कशाचे नाहीत. मूताच्या लढाईत हजरत जाफर शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवा, त्यांच्यावर दुःख कोसळलं आहे, असं रसूलुल्लाह म्हणाले. तेव्हापासून आजपर्यंत मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी डबे पाठवतात. माझ्या आईच्या वेळी तीन दिवस आमच्याकडे कोणी भात शिजवला नाही. म्हणजे शोकात असलेल्याच्या हातातलं काम दुसऱ्यानं काढून घ्यावं, ही आपली सुन्नत आहे. तिला कागदाचं काम अपवाद का असावं?

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली शिक्षकांना, त्यात आपलेही अनेक जण आहेत. मुलगा किंवा मुलगी आली तर वही त्याच दिवशी घ्या, तारीख टाका, आणि दाखल्यासाठी २१ दिवस द्या. कायद्यानं नोंदीला दिलेले दिवस तेवढेच आहेत. दाखला आला नाही तर गुण द्यायचे नाहीत. यात कोणाचं नुकसान नाही. फॉर्ममधून कारणाचा रकाना काढा, आणि नात्यासाठी पालकाचं साधं लेखी निवेदन पुरे समजा.

दुसरी आपल्या जमातींना. इंतकालची खबर स्पीकरवर जाते तशी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीतही गेली पाहिजे, आणि ती नेणारा माणूस घरच्यांपैकी नसावा. मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या पोरांनी हे अंगावर घ्यावं. नमुन्याचा फॉर्म, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आधारची प्रत, एवढंच तर काम. २१ दिवस चुकले की उशिराचं शुल्क लागतं, ३० दिवसांनंतर परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद लागतो (२०२३च्या दुरुस्तीपूर्वी प्रतिज्ञापत्र लागायचं). वर्ष उलटलं की पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागायचा. २०२३च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्या दारी जावं लागतं. त्याच दुरुस्तीनं, नोंद झाल्यापासून सात दिवसांत दाखला द्यावा, अशी सोयही केली आहे. २०१९-२०च्या हिवाळ्यात आपण सगळ्यांनी बापजाद्यांचे कागद शोधायला पेट्या उघडल्या होत्या, ती धास्ती कोणी विसरलेलं नाही. भीतीनं कागद शोधण्यापेक्षा वेळेवर नोंद करणं बरं. आणि ज्या घरात मौत झाली त्या घरावर हा बोजा टाकू नये, एवढीच विनंती.

भाचीचं काय झालं? दाखला आणि पासपोर्टची प्रत गेल्यावर तिची वही घेतली गेली. गुण मिळाले, पास होण्यापुरते. आज ती नोकरीला आहे. त्या दिवशी संध्याकाळी तिनं फोन केला होता. मी विचारलं, ‘झालं का काम?’

‘झालं मामू. त्यांनी फक्त तारीख बघितली. नानीचं नाव वाचलंसुद्धा नाही.’

याबद्दल तिची तक्रार नव्हती, तिला आश्चर्य वाटलं होतं. ज्या नावासाठी आम्ही कपाटं उपसली, ते कोणी वाचलं नाही. तिला वाटत होतं की कोणीतरी विचारील, कोण होत्या, काय करायच्या. असं विचारणं पुराव्यात बसत नाही, पण पडताळणी म्हणून तेही वाईट नाही. ज्याची आजी गेलेलीच नाही, त्याला दोन वाक्यांपुढे बोलता येत नाही. आणि जिची गेली आहे, तिला थांबवावं लागतं.

महाराष्ट्र सरकारनं २०२४मध्ये असा निर्णय घेतला की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. मला हा निर्णय वाचून आनंद झाला आणि लगेच मी हिशोब केला. आज अष्टमीत जन्मणाऱ्या मुलीच्या कागदांवर तिच्या आईचं नाव असेल. पण तिची नानी त्या कागदांवरून सापडणार नाही, कारण आईच्या कागदांवर नानी नाही. ही मुलगी मोठी होईल, तिचं लग्न होईल, तिला मुलगी होईल. त्या मुलीच्या कागदावर आई आणि आईच्या कागदावर नानी, अशी साखळी तेव्हा पहिल्यांदा कपाट न उपसता जुळेल. ती मुलगी कॉलेजला जाईपर्यंत २०७० तरी उजाडेल. तोवर ज्यांच्या नान्या जातील, त्यांच्या तोंडच्या शब्दावर कोणाला तरी विश्वास ठेवावा लागेल.